छोट्या चेतकची खरी चाल

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)



नाशिकरोड, उपनगर, गांधीनगर, जेलरोड या भागात राहणाऱ्या मंडळींना हेलिकॉप्टरचं फारसं अप्रूप राहिलेलं नाही. बाहेरगावचे पाहुणे आवाज ऐकून गच्चीकडे धावतात. आपण मात्र हातातलं काम चालू ठेवतो आणि मान वर न करताच सांगतो, ‘काही नाही, चेतक आहे.’ याचं कारण आपल्या शेजारीच आहे. भारतीय लष्कराचं हवाई दल, म्हणजे आर्मी एव्हिएशन कोअर, 1 नोव्हेंबर 1986 रोजी स्थापन झालं. या कोअरच्या वैमानिकांना घडवणारी प्रशिक्षण संस्था 2003 पासून नाशिकरोडला आहे. मे 2022 मध्ये कॅप्टन अभिलाषा बराक यांना इथेच ‘विंग्ज’ मिळाल्या आणि त्या या कोअरच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक ठरल्या. गांधीनगरच्या धावपट्टीवरून उठणारी चेतक आणि चीता ही हेलिकॉप्टरं पाहत इथल्या दोन पिढ्या मोठ्या झाल्या.

आज मी बोलणार आहे ते मात्र या मोठ्या चेतकबद्दल नाही, तर त्याच्या धाकट्या भावंडाबद्दल. रेडिओच्या लहरींवर चालणारं, हुबेहूब खऱ्यासारखं दिसणारं आणि, मुख्य म्हणजे, हुबेहूब खऱ्यासारखं उडणारं हेलिकॉप्टर. यातलं दिसणं सोपं आहे. उडणं अवघड आहे.

जत्रेत किंवा मॉलमध्ये मिळणारं खेळण्यातलं हेलिकॉप्टर तुम्ही पाहिलं असेल. ते टुणकन वर उडतं, गर्रकन फिरतं आणि भिंतीवर आपटतं. वीस वर्षांपूर्वी अशाच एका लोकप्रिय खेळण्यावर आपल्या चीताचं, म्हणजे मूळच्या फ्रेंच ‘लामा’चं कवच बसवलेलं असायचं. पण खऱ्या चीताला डोक्यावर एकच पंखा असतो आणि खेळण्याला एकावर एक असे दोन, उलटसुलट फिरणारे. कवच चीताचं होतं, चाल चीताची नव्हती.

दुसरं टोक म्हणजे कसरतींची हेलिकॉप्टरं. ती उलटी होऊन जमिनीला पाठ घासल्यासारखी जातात. कौशल्य मोठंच आहे. पण तशा यंत्रावर चेतकचं अंग चढवलं, लष्करी हिरवा रंग दिला, खिडकीत टोपी घातलेला वैमानिक बसवला आणि हवेत सोडलं, तर पाहणाऱ्याला क्षणात कळतं की हे खोटं आहे. कशावरून कळतं? तर वेगावरून नव्हे, वजनावरून. खऱ्या हेलिकॉप्टरला वजन असतं आणि ते त्याच्या प्रत्येक हालचालीत दिसतं. बैलगाडी आणि सायकल लांबून नुसत्या चालीवरून ओळखता येतात, तसंच हे.

मग हे वजन छोट्या यंत्रात आणायचं कसं? इथे थोडं गणित येतं, पण घाबरू नका; पाचवी-सहावीतलंच आहे.

चेतक हे फ्रान्सच्या ‘अल्युएत-3’ या हेलिकॉप्टरचं आपल्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सने परवान्याखाली बनवलेलं रूप. त्याच्या तीन पात्यांच्या पंख्याचा व्यास 11 मीटरहून किंचित जास्त. पंखा मिनिटाला सुमारे 353 फेरे घेतो. उड्डाणाच्या वेळचं जास्तीत जास्त वजन 2,200 किलो. आता याची एक-अष्टमांश प्रतिकृती करायची ठरवली, तर पंख्याचा व्यास 11 भागिले 8, म्हणजे साधारण 1 मीटर 38 सेंटिमीटर. इथवर सरळ आहे.

वजन मात्र आठाने भागायचं नाही. लांबी, रुंदी, उंची या तिन्ही आठपटींनी लहान झाल्या, म्हणून आठ गुणिले आठ गुणिले आठ, म्हणजे 512 ने भागायचं. उत्तर येतं 4 किलो 300 ग्रॅम. आणि पंख्याचे फेरे? ते कमी करायचे नाहीत, वाढवायचे. पण आठपट नाही, तर आठाच्या वर्गमुळाइतके, म्हणजे 2.83 पट. 353 गुणिले 2.83, बरोबर एक हजाराच्या आसपास.

हे वर्गमूळ आलं कुठून, असं तुम्ही विचाराल. ते गुरुत्वाकर्षणातून आलं. आपण मॉडेल लहान करू शकतो, पण पृथ्वीची ओढ लहान करू शकत नाही. लहान वस्तू लहान उंचीवरून पडते तेव्हा ती पटकन खाली येते आणि म्हणून खेळण्यासारखी दिसते. चित्रपटवाल्यांना हे पूर्वीपासून ठाऊक आहे. छोट्या बोटीचं वादळ किंवा छोट्या इमारतीचं कोसळणं दाखवताना ते कॅमेरा जास्त वेगाने फिरवतात आणि पडद्यावर दृश्य संथ करतात. किती संथ? याच वर्गमुळाच्या हिशेबाने. आपल्याला मैदानावर कॅमेऱ्याची ही युक्ती करता येत नाही. म्हणून ती हातात आणावी लागते आणि यंत्राच्या जुळणीत आणावी लागते.

तर पहिला आकडा लक्षात ठेवायचा तो एक हजार फेऱ्यांचा. कसरतीची याच मापाची हेलिकॉप्टरं दोन हजारांच्या घरात फिरतात. तोच यांत्रिक सांगाडा उचलून त्यावर चेतकचं कवच चढवलं, तर पाती नुसती धूसर चकती दिसतात आणि आवाज मिक्सरसारखा येतो. फेरे हजार-बाराशेवर आणले की प्रत्येक पातं डोळ्याला जाणवू लागतं आणि आवाजही बदलतो.

पण फेरे कमी करणं म्हणजे रिमोटवरचा आकडा खाली ओढणं नव्हे. जास्त वेगाच्या मोटरला अर्ध्या दमात चालवलं, तर तिचा वेग-नियंत्रक तापतो. त्यासाठी मोटरवरचं लहान दातेरी चाक आणखी लहान घ्यावं लागतं, किंवा मुळात कमी वेगाची मोटर निवडावी लागते, म्हणजे ती आपल्या सोयीच्या वेगात राहून पंखा मात्र हळू फिरवते. दुसरी अडचण शेपटीची. मुख्य पंखा निम्म्या वेगाने फिरू लागला की त्याला जोडलेला शेपटीचा पंखाही निम्म्याने फिरतो आणि त्याचा जोर निम्मा नव्हे, पाव होतो. उलट हळू फिरणाऱ्या मुख्य पंख्याचा धडाला फिरवण्याचा पीळ वाढलेला असतो. मग वाऱ्याच्या झुळकीबरोबर शेपूट सुटते. त्यावर उपाय म्हणजे शेपटीला थोडी लांब पाती, किंवा तिच्या गिअरचं प्रमाण बदलणं.

इथे वजनाचा हिशेब परत समोर येतो. कवच, रंग, खिडक्या, दिवे, वैमानिक, आसनं असं करता करता 4 किलो 300 ग्रॅमचं यंत्र साडेसहा किलोवर कधी जातं ते कळत नाही. मग त्याच कोनात उचलायला हजार नव्हे, बाराशेच्या वर फेरे लागतात. दीड पट वजनाला सव्वापट फेरे. म्हणून हाडाचा मॉडेलकार मागच्या बाजूला रंगाचा जादा हात देतानाही विचार करतो. शेपटीकडे वाढलेल्या प्रत्येक ग्रॅमला तोलायला नाकात कितीतरी जास्त वजन ठेवावं लागतं. बॅटरी शक्य तितकी पुढे सरकवून तोल पंख्याच्या दांड्याच्या बरोबर खाली, फार तर केसभर पुढे, आणायचा. हे आधी करायचं, जुळणी नंतर.

आता हवेचं. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर आहे. एप्रिल-मेमध्ये पारा 40 अंशांना टेकला की इथली हवा प्रमाण हवेपेक्षा सुमारे एक सप्तमांशाने विरळ होते. जानेवारीच्या सकाळी डौलात उचललेलं मॉडेल मेच्या दुपारी जड वाटतं ते यामुळे. खऱ्या वैमानिकांनाही उड्डाणाआधी हाच हिशेब करावा लागतो.

यापुढची जुळणी रिमोटच्या आत. खऱ्या चेतकमध्ये इंजिनची टर्बाइन मिनिटाला सुमारे 33,500 फेरे घेत एका ठरलेल्या वेगाने फिरत राहते. वर जायचं असेल तर वैमानिक पंखा जोरात फिरवत नाही. डाव्या हाताच्या दांडीने पात्यांचा कोन वाढवतो. मॉडेलमध्येही तसंच करायचं. गव्हर्नर नावाची सोय वापरून फेरे बांधून ठेवायचे आणि चढ-उतार फक्त कोनावर सोडायचे. कसरतवाले उणे बारा ते अधिक बारा अंश कोन ठेवतात, कारण त्यांना उलटं उडायचं असतं. आपल्याला उलटं उडायचं नाही. खाली उणे दोन-तीन अंश, मध्ये तरंगण्यासाठी पाच-सहा आणि वर नऊ-दहा अंश पुष्कळ झाले. त्याने दांडीची तीच हालचाल आता लहान फरक करते आणि हात आपोआप शांत होतो.

सुरुवातही सावकाश हवी. बटण दाबताच पंखा गरगरायला लागला की अर्धी मजा गेली. पाती एकेक करून ओळखू येतील इतकी हळू फिरू लागावीत आणि पूर्ण वेगाला यायला निदान वीस-तीस सेकंद लागावेत, अशी जुळणी वेग-नियंत्रकात करता येते.

पुढे-मागे आणि डाव्या-उजव्या कलण्याची मर्यादाही निम्म्यावर आणावी. 2010 नंतरच्या काळात तीन अक्षांचे इलेक्ट्रॉनिक जायरो स्वस्त झाले आणि पंख्यावरची जुनी स्थिरक दांडी गेली. खऱ्यासारखं उडवणाऱ्यांचा याने मोठा फायदा झाला, कारण चेतकच्या डोक्यावर तशी दांडी नसतेच. मात्र हे जायरो कारखान्यातून येतात ते चपळाईसाठी जुळवलेले. त्यांचा प्रतिसाद मंद करावा लागतो. एक बारकावा आणखी. फिरत्या पंख्याला जिथे ढकल द्याल तिथे परिणाम दिसत नाही. तो जवळजवळ पाव फेरा पुढे दिसतो आणि तीन पात्यांच्या ताठ डोक्यात पाव फेऱ्याहून थोडा कमी. म्हणून दांडी सरळ पुढे ढकलल्यावर हेलिकॉप्टर पुढे जाताना एका बाजूलाही झुकत असेल, तर दोष तुमच्या हाताचा नाही. जायरोच्या जुळणीत हा कोन काही अंश फिरवून घ्यायचा.

पाती तीन असली की त्यांचं वजन आणि तोल एकमेकांशी जुळलाच पाहिजे. प्रत्येक पात्याच्या टोकाला वेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावतात आणि लांबून, पंख्याच्या पातळीत डोळा ठेवून पाहतात. तिन्ही रंग एका रेषेत दिसले की पाती एकाच वाटेने जातात. एखादा रंग वर दिसला तर त्या पात्याची जोडदांडी अर्धा फेरा फिरवायची. हे कंटाळवाणं काम आहे. पण थरथर गेल्याशिवाय जायरो शांत होत नाही आणि जायरो शांत झाल्याशिवाय यंत्र शांत होत नाही.

यंत्र तयार झालं. आता हात. यासाठी गुरू कोण? तर आपल्या डोक्यावरून जाणारं चेतकच. एखाद्या सकाळी चहाचा कप बाजूला ठेवून ते नीट पाहा. ते जमिनीवरून उठतं आणि लगेच पळत नाही. थोड्या उंचीवर थांबतं. वैमानिक जणू यंत्राला विचारतो, सगळं ठीक ना? मग नाक किंचित खाली जातं, ते पुढे सरकतं आणि वेग आल्यावर चढतं. खरं हेलिकॉप्टर दीड मीटरवर थांबत असेल तर आपल्या मॉडेलने थांबायचं वीतभर उंचीवर. वीतभर! तिथेच माणसाचं कौशल्य दिसतं.

आणखी पाहा. चेतकचा पंखा वरून पाहिला असता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. बहुतेक मॉडेलांचाही तसाच फिरतो, हा आपला योगायोगाने झालेला फायदा. धड उलट्या दिशेला वळू नये म्हणून शेपटीचा पंखा शेपटीला डावीकडे ढकलत असतो. ती ढकल सावरायला सबंध हेलिकॉप्टर उजवीकडे किंचित कलून तरंगतं. मॉडेलही तसंच कलतं. नवशिका ते सरळ करण्यासाठी धडपडतो. जाणकार म्हणतो, राहू दे, खरंही असंच असतं.

वळण घेताना शेपूट आपोआप मागे येत नाही, कारण जायरोने ती जिथल्या तिथे धरून ठेवलेली असते. कलणं, शेपूट फिरवणं आणि थोडा कोन वाढवणं, ही तिन्ही कामं एकत्र, सारख्या मापाने करावी लागतात. वेगाचंही तेच वर्गमूळ. चेतकचा नेहमीचा वेग ताशी 185 किलोमीटर धरला, तर मॉडेलला ताशी 65. या वेगाने 30 अंश कलून घेतलेल्या वळणाचा व्यास 115 मीटरच्या जवळ जातो. एवढं मोठं मोकळं मैदान सहसा नसतं, म्हणून आपण वेग 40 वर आणतो आणि कल 20 अंशांवर. वळण मोठं आणि गोल राहतं, सत्तर मीटरचं. वाऱ्यालाही हेच गणित लागू. ताशी 20 किलोमीटरचा वारा आपल्याला झुळूक वाटतो. मॉडेलला तो जवळजवळ 57 किलोमीटरच्या वादळासारखा असतो. म्हणून वेळ सकाळची, सूर्य वर येण्याआधीची.

उतरताना सरळ खाली बसू नये. आपल्याच पंख्याने खाली ढकललेल्या हवेत यंत्र सापडलं की ते डुचमळतं आणि दगडासारखं खचतं. खऱ्या हेलिकॉप्टरांचेही अशाने अपघात झाले आहेत. लांबून, उतरत्या वाटेने, थोडा पुढचा वेग राखत यायचं, हळूहळू नाक उचलत तो वेग संपवायचा, वीतभरावर थांबायचं आणि मग टेकायचं.

श्रोतेहो, आतापर्यंत गंमत सांगितली. आता जरा गंभीर बोलतो. हे खेळणं नाही. हजार फेऱ्यांनासुद्धा या पात्यांची टोकं ताशी 260 किलोमीटरच्या वेगाने फिरत असतात. 2013 मध्ये न्यूयॉर्कच्या एका उद्यानात अशाच एका मॉडेलचं पातं लागून 19 वर्षांच्या तरुणाचा मृत्यू झाला. मॉडेल तो स्वतःच उडवत होता. त्यामुळे गच्ची, सोसायटीचं आवार, शाळेचं भरलेलं मैदान या जागा वर्ज्य. माणसांच्या डोक्यावरून कधीही नाही. आधी संगणकावरच्या सराव-कार्यक्रमात हात बसवावा, मग लहान मॉडेल, मग मोठं. आणि सावकाश फिरणाऱ्या पंख्याची एक कमजोरी कायम लक्षात ठेवावी. 21 जून 1972 रोजी फ्रान्सचे ज्याँ बूले यांनी लामा हेलिकॉप्टर 12,442 मीटर उंचीवर नेलं. तिथे इंजिन बंद पडलं आणि ते नुसत्या वाऱ्यावर फिरणाऱ्या पंख्याच्या आधाराने सुखरूप खाली आले. मॉडेलही तसं उतरवता येतं. पण फेरे निम्मे असले की पंख्यात साठलेली शक्ती पाव असते. सावरायला वेळ कमी मिळतो. म्हणून बॅटरी संपायची वाट न पाहता घड्याळ लावून, शिल्लक असतानाच उतरावं.

आणि कायदा. 2021 च्या ड्रोन नियमांमध्ये अशी 25 किलोपर्यंतची, नजरेच्या टप्प्यात उडवायची मॉडेलंही येतात. सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर लाल, पिवळे आणि हिरवे पट्टे दाखवलेले असतात. तो नकाशा पाहिल्याशिवाय घरातून निघू नये. नोंदणी आणि परवान्याच्या चालू अटीही वाचून घ्याव्यात. आपल्या नाशिकरोडला तर एका बाजूला लष्करी धावपट्टी, दुसऱ्या बाजूला देवळालीचा तोफखाना आणि मध्ये नोटांचा छापखाना. ज्या चेतकची नक्कल करायची, त्याच्याच वाटेत आपलं मॉडेल जाणं यापेक्षा वाईट काय असेल? या परिसरात मॉडेल उडवण्याचा विचारही मनात आणू नये. इथे पाहायचं, शिकायचं आणि उडवायला दूर, परवानगीच्या मोकळ्या जागी जायचं.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशासाठी? मोटारसायकलच्या पैशात एक हेलिकॉप्टर, आणि तेही सावकाश उडवायचं? याला माझ्याकडे एकच उत्तर आहे. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने चेतकचा परवाना 1962 मध्ये घेतला. एप्रिल 2022 मध्ये हवाई दलाने चेतकच्या साठ वर्षांच्या सेवेचा सोहळा केला. पुरात अडकलेल्यांना उचलणं, जखमी जवानांना आणणं, नव्या वैमानिकांना पहिले धडे देणं, सगळं या यंत्राने केलं. आता त्याची आणि चीताची जागा नवी हेलिकॉप्टरं घेणार आहेत. उद्या एखादं चेतक संग्रहालयाच्या आवारात रंगवून उभं राहील. मुलं त्याच्याजवळ फोटो काढतील. त्याचं रूप तिथे टिकेल, पण ते जमिनीवरून उठताना कसं थबकायचं, उजवीकडे कलून कसं तरंगायचं, हे उभ्या यंत्राकडे पाहून कुणालाही कळणार नाही. ती चाल जपायची तर ती कुणीतरी उडवूनच दाखवावी लागेल.

तेव्हा पुढच्या वेळी डोक्यावर तो ओळखीचा आवाज आला, तर ‘काही नाही, चेतक आहे’ असं म्हणण्याआधी दोन मिनिटं बाहेर येऊन पाहा. घरातल्या मुलांनाही दाखवा.